कोल्टच्या अपयशाचा भाव

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एप्रिल २०१८ मध्ये झालेल्या एका लिलावात १८४७ साली बनवलेले एक रिव्हॉल्व्हर १८ लाख ४० हजार डॉलरना विकले गेले. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम बारा कोटी रुपयांच्या घरात जाते. डेन्मार्कच्या एका जहाजाच्या कप्तानाने ते १८४७ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून विकत घेतले होते. त्याच बनावटीची एक हजार रिव्हॉल्व्हर्स त्या वर्षी अमेरिकी सैन्याने नगाला तीस डॉलरच्या आत खरेदी केली होती. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात, शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला ज्या रिव्हॉल्व्हरने मारले ते ६० लाख ३० हजार डॉलरना गेले आणि बंदुकांच्या लिलावातील जागतिक उच्चांक ठरले.

या दोन्ही शस्त्रांवर एकच नाव आहे, सॅम्युअल कोल्ट. आयुष्याच्या अखेरीस तो अमेरिकेतील अतिश्रीमंत माणसांपैकी एक होता. त्याच्या हयातीत त्याच्या कारखान्यांतून चार लाखांहून अधिक शस्त्रे बाहेर पडली. परंतु संग्राहक सर्वाधिक पैसे मोजतात ते त्याच्या भरभराटीच्या काळातील मालासाठी नव्हे. कोल्ट बुडाला होता, कर्जात होता, स्वतःचा कारखानाही नव्हता, त्या दिवसांतील शस्त्रांना आज सर्वांत मोठी बोली लागते. हा विरोधाभास समजून घ्यायचा तर त्याच्या आयुष्याकडेच वळावे लागते.

कलकत्त्याच्या वाटेवर

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. वडील ख्रिस्तोफर हे व्यापारी होते. आईचे घराणे गावात प्रतिष्ठित होते आणि आजोबा बँकेचे अध्यक्ष होते. परंतु १८१९ च्या मंदीत वडिलांचा व्यापार कोसळला. सॅम्युअल सात वर्षांचा होण्यापूर्वीच आई क्षयाने गेली. अकराव्या वर्षी त्याला ग्लॅस्टनबरी येथील एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवण्यात आले. तेथे शेतीच्या कामापेक्षा त्याचे लक्ष विज्ञानाच्या एका जाडजूड ज्ञानकोशात अधिक असे. बंदुकीची दारू आणि विजेची बॅटरी या दोन विषयांनी त्याला झपाटले होते.

वडिलांनी पुढे मॅसॅच्युसेट्समधील वेअर येथे कापडाच्या कारखान्यात काम सुरू केले. तेथे ४ जुलै १८२९ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, या चौदा वर्षांच्या मुलाने तळ्यातील तराफा पाण्याखालच्या स्फोटाने उडवून दाखवण्याचे जाहीर केले. स्फोट झाला, पण तराफा शाबूत राहिला आणि नटूनथटून आलेली मंडळी चिखलपाण्याने भिजली. चिडलेल्या जमावापासून त्याला एलिशा रूट नावाच्या तरुण कारागिराने वाचवले, असे सांगितले जाते. याच रूटची पुढे कोल्टच्या यशात मोलाची भागीदारी राहिली. अ‍ॅम्हर्स्टच्या शाळेत केलेल्या अशाच उद्योगांमुळे ती शाळाही सुटली. अखेर वडिलांनी या उपद्व्यापी मुलाला समुद्रावर धाडण्याचे ठरवले.

ऑगस्ट १८३० मध्ये बोस्टनहून निघालेल्या कॉर्व्हो या जहाजावर सोळा वर्षांचा कोल्ट खलाशी म्हणून चढला. जहाजाचा मुक्काम होता कलकत्ता. या प्रवासात त्याने लाकडात एक नमुना कोरला. त्यात गोळ्यांसाठी खण असलेले नळकांडे होते. ते फिरे आणि प्रत्येक खण पाळीपाळीने नळीसमोर येऊन अडकत असे. जहाजाचे सुकाणूचे चाक ज्या रीतीने फिरून खिळीने अडकते त्यावरून ही कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. काही अभ्यासकांना मात्र वेगळी शंका आहे. बोस्टनच्याच एलिशा कॉलियरने १८१८ मध्ये चकमकीवर चालणाऱ्या फिरत्या नळकांड्याच्या बंदुकीचे पेटंट घेतले होते आणि त्या बंदुका हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेपर्यंत पोचल्या होत्या. कलकत्त्यात कोल्टच्या नजरेस ती पडली असणे अशक्य नाही. कॉलियरच्या बंदुकीत मात्र नळकांडे हाताने फिरवावे लागे. कोल्टने घोडा ओढताच ते आपोआप फिरून घट्ट बसेल अशी रचना केली. ठिणगीऐवजी स्फोटक भरलेली तांब्याची इवलीशी टोपी तेव्हा प्रचारात येत होती. तिच्यामुळे ही रचना प्रत्यक्षात उतरू शकली.

डॉक्टर कूल्टचे खेळ

१८३१ मध्ये परतल्यावर वडिलांनी मुलाच्या हट्टाखातर दोन शस्त्रे बनवून घेतली. त्यातले एक फुटले आणि दुसरे उडालेच नाही. वडिलांनी हात आखडता घेतला. चांगल्या कारागिराला द्यायला पैसा नव्हता, म्हणून कोल्टने एक अफलातून मार्ग शोधला. वेअरच्या कारखान्यातील एका रसायनतज्ज्ञाकडून त्याने हास्यवायूची माहिती घेतली होती. आता न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता येथील डॉक्टर कूल्ट असे नाव धारण करून तो अमेरिका आणि कॅनडातील गावोगावी हास्यवायूचे जाहीर प्रयोग करू लागला. वायू हुंगलेले प्रेक्षक व्यासपीठावर हसत, नाचत, पडत आणि बाकीचे तिकीट काढून ती गंमत पाहत. डॉक्टर या बिरुदाला काहीच आधार नव्हता. कलकत्ता तेवढे त्याने खलाशी म्हणून खरोखर पाहिले होते.

या कमाईतून बाल्टिमोरमधील जॉन पिअरसन या कारागिराकडून नमुने तयार होत राहिले. कोल्ट पैसे पाठवण्यात दिरंगाई करी आणि पिअरसन तक्रार करी, असा तो व्यवहार चालला. गर्दीला कसे खिळवून ठेवायचे, जाहिरात कशी करायची, नावाला वलय कसे द्यायचे, याचे शिक्षण मात्र त्याला या फिरतीच्या वर्षांत मिळाले.

पेटर्सनचा घात

ऑक्टोबर १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत कोल्टला पेटंट मिळाले. तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी न्यू जर्सीमधील पेटर्सन येथे भागभांडवलावर कारखाना उभा राहिला. चुलतभाऊ डडली सेल्डन कारभार पाहू लागला. पाच गोळ्यांची ही रिव्हॉल्व्हर्स दिसायला देखणी होती. त्यांचा चाप घडीच्या आत लपलेला असे आणि घोडा ओढला की खाली येई. पण ती महाग होती, नाजूक होती आणि भरायला किचकट होती. सैन्याच्या तपासणी मंडळाने त्यांना नापसंती दिली.

१८३८ मध्ये कोल्ट स्वतः माल घेऊन फ्लोरिडात गेला. तेथे सेमिनोल या मूळ रहिवाशांविरुद्ध अमेरिकी सैन्याचे युद्ध सुरू होते. सैन्याने पन्नास रायफली घेतल्या. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते. त्याच्या आरमाराने १८३९ मध्ये १८० पिस्तुले घेतली. पण एवढ्याने कारखाना चालणार नव्हता. सेल्डन खर्चाचा हिशेब मागे आणि कोल्ट मेजवान्यांवर, भेटींवर, अधिकाऱ्यांना खूश करण्यावर पैसा उधळी. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. त्या वेळेपर्यंत तेथून तीन हजारांहून कमी पिस्तुले बाहेर पडली होती.

याच सुमारास घरावरही आघात झाला. थोरला भाऊ जॉन याने सप्टेंबर १८४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पैशांच्या वादातून एका मुद्रकाचा कुऱ्हाडीने खून केला आणि प्रेत खोक्यात भरून जहाजावर चढवले. या खटल्याने वृत्तपत्रांना महिनोन्महिने खाद्य पुरवले. खून पिस्तुलाने झाला असावा असाही तर्क निघाल्यामुळे न्यायालयात सॅम्युअलला आपल्याच शस्त्राचे प्रात्यक्षिक करून दाखवावे लागले. जॉनला फाशीची शिक्षा झाली. १८ नोव्हेंबर १८४२ या फाशीच्याच दिवशी त्याने कोठडीत आत्महत्या केली.

धंदा बुडाला आणि भाऊ गेला, तरी कोल्ट थांबला नाही. विजेच्या तारेने पाण्याखाली सुरुंग उडवून शत्रूची जहाजे बुडवण्याची योजना त्याने सरकारपुढे मांडली. एप्रिल १८४४ मध्ये वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत, प्रेक्षकांच्या साक्षीने, त्याने एक चालते जहाज उडवून दाखवले. खेळ यशस्वी झाला, पण सरकारने योजना स्वीकारली नाही.

पेटर्सनच्या या फसलेल्या कारखान्यातील पिस्तुलांची आजची स्थिती पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर २०११ मध्ये पेटीसह असलेले एक पेटर्सन रिव्हॉल्व्हर ९ लाख ७७ हजार ५०० डॉलरना विकले गेले. ज्या मालाला गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणून कारखान्याला टाळे लागले, तो माल थोडा राहिला आणि थोडा राहिला म्हणूनच मोलाचा झाला.

वॉकरची मागणी

टेक्सासच्या आरमाराने घेतलेली पिस्तुले पुढे टेक्सास रेंजर्स या घोडदळाच्या हाती आली. जून १८४४ मध्ये कप्तान जॅक हेज आणि त्याचे पंधराएक स्वार यांनी कितीतरी मोठ्या कोमांची तुकडीला या पिस्तुलांच्या जोरावर मागे रेटले. तोवर एक गोळी झाडून पुन्हा बंदूक भरेपर्यंत कोमांची धनुर्धर अनेक बाण सोडत असे. फिरत्या नळकांड्याने हे गणित उलटले. रेंजर्सच्या दृष्टीने हा विजय होता. कोमांचींच्या दृष्टीने आपल्या भूमीवरील पकड सुटू लागल्याची ही खूण होती. या चकमकीत भाल्याने जबर जखमी झालेला एक रेंजर होता सॅम्युअल वॉकर.

१८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले. आता सैन्यात कप्तान असलेल्या वॉकरला अधिक दणकट रिव्हॉल्व्हर हवे होते. कोल्टने त्याच्याशी संपर्क साधला आणि दोघांनी मिळून नवा आराखडा केला. सहा गोळ्यांचे, सुमारे दोन किलो वजनाचे हे शस्त्र घोडेस्वाराच्या खोगिरालाच शोभणारे होते. जानेवारी १८४७ मध्ये सरकारने एक हजार नगांचा करार केला. कोल्टपाशी त्या वेळी ना कारखाना होता ना कामगार. नमुन्यासाठी स्वतःचे जुने पिस्तूलही हाताशी नव्हते, असे सांगितले जाते. त्याने हे काम एलाय व्हिटनी याच्या कारखान्यात करवून घेतले. सरकारी हजारांखेरीज शंभर नग खासगी विक्रीसाठी बनले. डेन्मार्कच्या कप्तानाने घेतलेले रिव्हॉल्व्हर याच शंभरांतले.

ही वॉकर रिव्हॉल्व्हर्सही निर्दोष नव्हती. त्यांत दारू भरपूर मावे आणि त्या काळचे लोखंड तो दाब सोसू शकत नसे. बऱ्याच नगांची नळकांडी फुटली. कोल्टने वॉकरला एक खास जोडी पाठवली होती. ती हाती पडून फार दिवस झाले नव्हते, तोच ऑक्टोबर १८४७ मध्ये हुआमांत्ला येथील लढाईत वॉकर मारला गेला. सैनिकांच्या हाती गेलेली शस्त्रे वापरली गेली, मोडली, हरवली. त्यामुळे अकराशेपैकी आज फार थोडी उरली आहेत आणि पेटीसह नवीकोरी राहिलेली तर बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत.

सारखेपणाचा कारखाना

वॉकर करारातून मिळालेल्या पैशाने कोल्टने हार्टफर्डमध्ये स्वतःचा कारखाना काढला. १८४९ मध्ये वेअरच्या तळ्याकाठचा जुना मित्र एलिशा रूट याला त्याने भरघोस पगारावर बोलावून घेतले. रूटने एकेका कामासाठी एकेक यंत्र बनवले. कुशल लोहाराने एक बंदूक आरंभापासून शेवटपर्यंत घडवण्याची जुनी रीत मागे पडली. आता शेकडो यंत्रे एकेक भाग कापत, भोके पाडत, घासत. एका रिव्हॉल्व्हरचा भाग दुसऱ्याला थोड्या कानसकामाने बसू लागला. एकसारखा, भरपूर आणि त्यामुळे स्वस्त माल हे कोल्टचे ध्येय होते. १८४९ च्या खिशातील रिव्हॉल्व्हरचे सुमारे सव्वातीन लाख आणि १८५१ च्या नेव्ही नमुन्याचे अडीच लाखांच्या आसपास नग त्यातून निघाले.

१८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात त्याने शेकडो रिव्हॉल्व्हर्स मांडली आणि तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे व्याख्यान दिले. त्यात त्याने लंडनच्या संग्रहांतील फिरत्या नळकांड्यांच्या जुन्या बंदुका, अगदी हिंदुस्थानी बनावटीचीसुद्धा, दाखवून आपला शोध त्यांच्याहून कसा वेगळा आहे हे पटवले. अशी जुनी शस्त्रे तो स्वतःही गोळा करत असे. पेटंटच्या खटल्यांत पुरावा म्हणून त्यांचा उपयोग होई. आजच्या संग्राहकांचा एक पूर्वज म्हणजे स्वतः कोल्टच. १८५३ मध्ये लंडनच्या पिम्लिको भागात त्याने शाखा काढली. ती चारेक वर्षांतच बंद पडली, पण तेथील रिव्हॉल्व्हर्स इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला लागून क्रिमियात आणि १८५७ च्या धामधुमीत हिंदुस्थानातही पोचली.

सारखेपणाचे यंत्र चालवणारा हाच माणूस वेगळेपणाचाही सौदागर होता. नळकांड्यांवर त्याने लढायांची चित्रे कोरून घेतली आणि वॉकर रिव्हॉल्व्हरवर हेजच्या रेंजर्सची चकमक झळकली. चित्रकार जॉर्ज कॅटलिनकडून त्याने आपल्या बंदुका असलेली चित्रे काढून घेतली. रशियाचा झार, तुर्कस्तानचा सुलतान, सेनापती, मंत्री यांना सोन्याच्या नक्षीची रिव्हॉल्व्हर्स भेट गेली. या दानशूरपणामागे हिशेब असे. पेटंटची मुदत वाढवून मिळावी म्हणून लोकप्रतिनिधींना पिस्तुले वाटल्याच्या आरोपावरून १८५४ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने चौकशी केली आणि ती मुदत १८५७ च्या पुढे वाढली नाही. आजच्या बाजारात भेटीदाखल दिलेल्या या नक्षीदार शस्त्रांना साध्या नगाच्या अनेक पटींनी भाव येतो. तेव्हाची लाच हीच आताची शोभा ठरली आहे.

एका संधीकडे मात्र कोल्टने पाठ फिरवली. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या रोलिन व्हाइटने नळकांड्याचे खण आरपार ठेवून मागून काडतूस भरण्याची रचना केली. कोल्टला तिचे महत्त्व पटले नाही. ते पेटंट स्मिथ अँड वेसन या प्रतिस्पर्ध्यांकडे गेले आणि १८६९ पर्यंत कोल्टच्या कारखान्याला धातूच्या काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरपासून दूर राहावे लागले.

निळा घुमट

१८५५ मध्ये हार्टफर्डच्या दक्षिणेला, कनेटिकट नदीच्या पुराखाली जाणाऱ्या कुरणांत कोल्टची स्वतःची वसाहत उभी राहिली. लोक हसत होते, पण त्याने जवळजवळ दोन मैलांचा बंधारा बांधला, तो पक्का राहावा म्हणून त्यावर वाळुंजाची झाडे लावली आणि त्या झाडांच्या फांद्यांपासून टोपल्या व खुर्च्या विणण्यासाठी जर्मनीहून कारागीर आणले. कारखान्यावर निळा, कांद्याच्या आकाराचा घुमट चढला. कामगारांसाठी घरे, सभागृह आणि वाद्यवृंद होता. जवळच आर्म्समिअर हा त्याचा आलिशान वाडा होता.

५ जून १८५६ रोजी त्याने एलिझाबेथ जार्विसशी विवाह केला. संसारात सुख थोडे होते. मुले एकामागून एक दगावली आणि कॉल्डवेल हा एकच मुलगा मोठा झाला. अमेरिकेत यादवीचे ढग जमत असताना कोल्ट उत्तर आणि दक्षिण दोन्हींना शस्त्रे विकत राहिला. युद्धाच्या उंबरठ्यापर्यंत त्याचा माल दक्षिणेला जात होता. यावरून त्याच्यावर देशद्रोहाचे आरोप झाले. युद्ध सुरू झाल्यावर उत्तरेकडील सैन्याच्या मागणीने कारखाना रात्रंदिवस धडधडू लागला. पण सांध्यांच्या जुन्या आजाराने मालक खचला होता. १० जानेवारी १८६२ रोजी, सत्तेचाळीसाव्या वर्षी, कोल्टचे निधन झाले. त्याची मालमत्ता दीड कोटी डॉलरच्या आसपास असल्याचा अंदाज केला जातो.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८६४ मध्ये, कारखान्याला भीषण आग लागली. एलिझाबेथने तो पुन्हा उभारला, घुमटासह. ज्या रिव्हॉल्व्हरने कोल्टचे नाव घरोघरी नेले, ते १८७३ चे सिंगल अ‍ॅक्शन आर्मी या नव्या कारखान्यातले आहे. पॅट गॅरेटचे रिव्हॉल्व्हर याच नमुन्याचे. ते बाजारात आले तेव्हा कोल्टला जाऊन अकरा वर्षे झाली होती.

भाव कशाचा?

रिव्हॉल्व्हरच्या संग्राहकांचा बाजार काही साध्या नियमांवर चालतो. मूळ रंग आणि झिलई किती टक्के शिल्लक आहे हे पाहिले जाते. वेगवेगळ्या भागांवरचे क्रमांक जुळावे लागतात. पुढच्या काळातील शस्त्र कोणाकडे रवाना झाले याचे कारखान्याच्या दप्तरातील पत्र जोडलेले असले तर भाव चढतो. जुने शस्त्र घासून, पुन्हा रंगवून नवे केले तर तो कोसळतो. शस्त्र कोणाच्या हातात होते हे सिद्ध झाले तर किंमत लोखंडाची राहत नाही, कथेची होते. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय शस्त्र कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे पुराणवस्तू मानली जातात. त्यामुळे कोल्टच्या काळातील मालाची देवघेव तुलनेने सोपी राहिली आहे.

हाच नियम विसाव्या शतकातील मालालाही लागू पडला. १९५५ मध्ये १२५ डॉलरना बाजारात आलेले कोल्ट पायथन हातकामाच्या तासकामासाठी आणि गडद निळ्या झिलईसाठी नावाजले गेले. तेच हातकाम पुढे कारखान्याला परवडेना. २००५ च्या सुमारास पायथन बंद झाले आणि लगेच जुन्या नगांचे भाव चढू लागले. दूरचित्रवाणी मालिकांनी त्याला आणखी हवा दिली. कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्यातून सावरल्यावर २०२० मध्ये तिने १,४९९ डॉलर किमतीचे नवे पायथन आणले. नवे दुकानात मिळू लागले तरी नीट जपलेले जुने त्याहून महागच राहिले. गिऱ्हाईक नेमबाजीसाठी नवे घेते आणि तिजोरीसाठी जुने. २०२१ मध्ये खुद्द कोल्ट कंपनीही चेक प्रजासत्ताकातील शस्त्रउद्योगाने विकत घेतली.

दुर्मिळता भाव कशी चढवते याचा अनुभव भारतालाही आहे. ऐंशीच्या दशकात खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्याचे मार्ग जवळपास बंद झाले. त्यानंतर परवानाधारकांमध्ये हस्तांतरित होणारी जुनी विलायती रिव्हॉल्व्हर्स कित्येक लाखांना जाऊ लागली. अमेरिकेत संग्रहाच्या हौसेने जे घडवले, ते येथे निर्बंधाने घडवले. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या दोनवर आणली. येथे संग्रहाचा बाजार उभा राहण्यास वावच नाही.

कोल्टने आयुष्यभर दोन गोष्टी विकल्या. एक म्हणजे लाखांनी निघणारे, एकसारखे शस्त्र आणि दुसरी म्हणजे त्या शस्त्राभोवतीची कथा. बाजाराने दीडशे वर्षांनी निवड केली आहे. त्याच्या लाखो यशस्वी नगांपैकी साधे, वापरलेले शस्त्र मध्यमवर्गीय संग्राहकाच्या आवाक्यात आहे. त्याच्या दिवाळखोरीतून उरलेले मूठभर नग मात्र कोट्यधीशांखेरीज कोणी घेऊ शकत नाही. या बोलीत एक बाजू कधीच धरली जात नाही. वॉकरच्या नळकांड्यावर कोरलेल्या चित्रातील पळणारे कोमांची ज्या कथेचे पात्र आहेत, ती कथा त्यांनी सांगितलेली नाही आणि तिचा मोबदलाही त्यांना मिळालेला नाही.

एलिझाबेथ १९०५ मध्ये वारली. पतीचा खासगी शस्त्रसंग्रह तिने हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयाला दिला. कोल्टपाशी असलेल्या निवडक वस्तू त्यामुळे बाजाराबाहेर गेल्या आणि बाहेर उरलेल्यांची किंमत आणखी चढली. त्याच संग्रहालयात कलकत्त्याच्या वाटेवर सोळा वर्षांच्या खलाशाने कोरलेला लाकडी नमुनाही आहे. त्यातून गोळी सुटणे कधीच शक्य नव्हते आणि त्याच्यावर बोली लावण्याची संधीही कोणाला मिळालेली नाही.